दुधी मुठीचा चाकू

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला उगीचच उशीर झाल्यासारखं वाटतं.

माझ्या लहानपणी एका दुपारी बाबांना कामावर जायला तुआस बंदरात बोट गाठायची होती. खाली टॅक्सी उभी, आई दारात बॅग धरून उभी, आणि बाबा दुधी मुठीचा घडीचा चाकू पुसत बसलेले. खाचेतला मळ काडीने काढला, तेलाचा थेंब सोडला, उघडून मिटून पाहिला, पुन्हा पुसला.

“अहो, चकचकीत झालाय,” आई म्हणाली. मला वाटलं, बाबांना आमच्यापेक्षा चाकूच लाडका.

आज माझी लेक इंजिनियर म्हणून पहिल्यांदा बोटीवर निघाली आहे. आजोबांचा चाकू तिला सोबत हवाय.

“आई, टॅक्सी आली लाह,” ती इथल्या ढंगात हाक मारते.

माझ्या हातातला चाकू कधीचाच लख्ख झालाय.

“थांब,” मी म्हणते, “एक थेंब राहिलाय.”