वसईकर शेजाऱ्यांची खात्री

साध्या प्रश्नाला सरळ उत्तर न देण्यात माझ्या वसईकर शेजाऱ्यांचा हात धरील असा माणूस अख्ख्या रियाधमध्ये नव्हता. तरुणपणी पाद्री व्हायला निघालेले हे गृहस्थ चौथ्या वर्षी सेमिनरी सोडून आले आणि पुढे माझ्याच विभागात नकाशांच्या फायली सांभाळू लागले. पण मध्ययुगीन युरोपातले धर्मपंडित काही त्यांना सोडेनात. साहेब आलेत का, एवढं विचारलं तरी म्हणत, "माझं मत विचारताय की ज्ञान?" मग त्या पंडितांची उतरंड लागे. खाली मत, वर ज्ञान आणि मधोमध श्रद्धा. मतापेक्षा पक्की, ज्ञानापेक्षा अंधूक. पुरावा दिसत नसतानाही मन ठाम राहू शकतं हे पटवताना, माझ्या बायकोने लक्ष ठेवायला सांगितलेलं मटण त्यांनी दोनदा करपवलं. त्या पंडितांना इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत वाढवायची नव्हती म्हणूनच असलं सुचलं, असं माझं स्पष्ट मत होतं, आणि ते मी चारचौघांत त्यांची नक्कल करून सांगत असे.

पुढे सौदीकरण आलं. परदेशी माणसं कमी करायची होती आणि आमच्या विभागातून एक जाणार होता, ते किंवा मी. माझी मुलगी बारावीत होती. काय होईल म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, देवाची कृपा आपल्यावर आहे की नाही हेसुद्धा खात्रीने कळत नाही, असं जुने लोक सांगून गेलेत. मी उठून घरी आलो.

आठवडाभराने त्यांचा एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी परतायचा शिक्का, लागला. साहेब सहज बोलून गेले की त्यांनी स्वतःच येऊन, मला पाठवा, असं सांगितलं होतं. मी तडक त्यांच्याकडे गेलो. ते बॅगेला दोरी बांधत होते.

"गावी काम मिळेल याची खात्री आहे का तुम्हाला?"

"ज्ञान नाही," ते म्हणाले. "मत विचाराल, तर या वयात मिळणार नाही."

"मग?"

"मधलं आहे ना."

थांबा, असं मी म्हणायला हवं होतं. विमानतळावर मी उगाच सामानाच्या वजनाबद्दल बोलत राहिलो. आत जाताना त्यांनी मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारलं आणि तारीख तिकिटाच्या पाकिटावर लिहून घेतली. त्या सकाळी गावच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावीन म्हणाले. एरवी मी काहीतरी खवचट बोललो असतो. त्या दिवशी त्यांना ती तारीख पुन्हा एकदा, सावकाश सांगितली.