मॉरिसमधलं विहिरीचं इंजन

उदगीरच्या आसपास विरूपाक्ष म्हणून माझी चौकशी केली, तर कुणी घर दाखवणार नाही. मोटारवाला आप्पा म्हटलं की दाखवतील, आणि वर हसतील. हसू द्या. विहिरीवरचं इंजन मोटारीत बसवणाऱ्याला लोकांनी आणखी काय करावं?

मोटार वडिलांची, हैदराबादहून आणलेली जुनी मॉरिस. तिचं पेट्रोलचं इंजन जाम झालं तशी ती गोठ्यात जाऊन बसली आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. माझा मेहुणा बसवंत यानं तिथं घर बांधलं. घरभरणीचं आवतन द्यायला आला आणि मॉरिसकडं बघून म्हणाला, "दाजी, भंगारात घाला हिला. येष्टीनं या." हे मला लई झोंबलं. बायकोला, जगदेवीला, तिच्या भावाच्या दारात मोटारीतूनच उतरवीन, असं मी बोलून बसलो.

तो उन्हाळा दुष्काळाचा. विहीर कोरडी, त्यामुळं तिच्यावरचं डिझेल इंजन रिकामंच. माझी अक्कल चालली ती इथं. नांदेडचा फिटर सटवाजी माझा जुना दोस्त, त्याला बोलावून घेतलं. आमचं मोजमापाचं शास्त्र सुतळीचं. सुतळीनं बॉनेटखालची जागा मोजली, सुतळीनंच इंजन मोजलं. ते उंच निघालं, म्हणून बॉनेट काढलं. लांब निघालं, म्हणून रेडिएटर उपटला. इंजन आणि गिअरबॉक्स यांची भोकं जुळेनात, तेव्हा मधे बसवायला लेथवर एक जाड लोखंडी प्लेट करून घेतली. क्लचप्लेट नांदेडच्या भंगारातल्या जीपची घेतली आणि इंजनाखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. हँडल मारलं, इंजन धडधडलं, कोंबड्या गल्लीभर उधळल्या. मी आनंदानं सटवाजीला मिठी मारली.

मिठी सुटायच्या आत इंजन वाफा टाकू लागलं. विहिरीवरचं इंजन विहिरीच्याच पाण्यानं थंड राहतं. पंपानं ओढलेल्या पाण्याची एक धार त्याच्यातून फिरून पाटात पडते. जन्मभर ते बघत आलेल्या आम्हा दोघांना हे आठवलं नव्हतं.

"टपावर पिंप बांधू, नळी सोडू," सटवाजी म्हणाला. "चालतंय आप्पा."

पाणी जगदेवी लांबून डोक्यावर आणायची. ती म्हणाली, "अवो, माणसाला पाणी न्हाई अन् तुमी मोटारीला पाजून राहिलाव?" मी म्हणालो, "मग तुझ्या भावापुढं मान खाली घालू का?" धुण्याचं, आंघोळीचं पाणी वाचवून तिनं पिंप भरून दिलं.

घरभरणीच्या दिवशी निघालो. वेग बैलगाडीहून थोडा बरा. पिंपातलं पाणी इंजनातून जाऊन मागं रस्त्यावर सांडत होतं. अर्ध्या वाटेवर एका गावाच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या. त्यांना टपावरचं पिंप दिसलं, रस्त्यावरची ओल दिसली, आणि त्या उठून आम्हाला आडव्या आल्या. मी हॉर्न वाजवला.

"थांबवा," जगदेवी म्हणाली.

"पाणी दिलं तर गाडी इथंच राहील. लातूर अजून लांब हाय."

"राहू द्या."

नव्या इरकलीचा पदर खोचून ती बंपरवर चढली आणि एकेकीची घागर वर मागून घेऊ लागली. मी इंजन बंद केलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्याकडं बघताना मला माझीच लाज वाटत होती.

लातूरला पोचलो ते कडब्याच्या ट्रकमधून, पंगती उठल्यावर. माझ्या धोतराला कडबा चिकटलेला. बसवंत दारातच उभा. "दाजी, मोटार कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत जगदेवी म्हणाली, "वाटंत एका गावाला लई आवडली. ठिवून घेतली त्यांनी." आणि भावाकडं न बघता तिनं माझ्या खांद्यावरचा कडबा झटकला.