भारत सरांची बोलती बारव

भारत सर अंबडला एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवतात आणि रविवारी दुपारी खोटा इतिहास रचतात. जीव दुसऱ्या कामातच जास्त. मी कोर्टासमोर टायपिंग करते. आठवडाभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करून मला खऱ्याचा वीट येतो, म्हणून रविवारी मीही त्यांच्या क्लासात जाऊन बसते. चार बाकं जोडायची आणि मधे फासे टाकायचे. सर एक जग सांगतात, आम्ही त्यात एकेक पात्र होऊन शिरतो, आणि पात्राचं जमलं की फसलं ते फाशांवर ठरतं. मी कुलपं उघडणारी बाई आहे. मोबाइल दुरुस्त करणारा सुमित त्यात तलवारबहाद्दर आहे. एरवी पाल दिसली तरी हा गडी बाकावर चढतो.

सरांच्या जगाचं नाव बारा बारवांचा देश. प्रत्येक बारवेत जुन्या लोकांनी बसवलेलं काहीतरी यंत्र आहे आणि ते कसं चालवायचं हे आता कुणालाच ठाऊक नाही. ते शोधायचं, ही आमची मोहीम. यंत्र कुणी केलं, कुणी वापरलं, कशानं हरवलं, हे सगळं सर आधी लिहून आणायचे, आणि असं की वाचणाऱ्याला जुनी बखरच वाटावी. खोड एकच. त्यांच्या देशात पूर येत नसे, लढाई होत नसे. जे हरवायचं ते कुणीतरी गप्प बसल्यामुळंच हरवायचं. "सर, एखादा भूकंप तरी होऊ द्या," असं मी चिडवायची.

"भूकंपानं दगड पडतात, ज्योत्स्नाताई," सर म्हणायचे. "विद्या नाही बुडत."

सातवी बारव बोलती होती. तिच्या भिंतीत एक पोकळ दगड. पाणी ठरावीक पायरीच्या खाली गेलं की पोकळीत वारा शिरून दगड घुमायचा, आणि टंचाई येणार हे गावाला आधीच कळायचं. दगड बसवला वेशीबाहेरच्या, दगड घडवणाऱ्या लोकांनी. पण बारव पुरी झाल्यावर त्यांनाच पायऱ्या उतरायला बंदी. त्यांनी वर घागर घेऊन उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. पुढं दगड मुका झाला. राजानं विचारलं, हा कुणाला दुरुस्त करता येतो? त्या घडवणाऱ्यांतल्याच एका कारागिराचा पोरगा तोवर शिकून दरबारात कारकून झाला होता. त्याला येत होतं. पण सांगायचं तर बाप कोण हेही सांगावं लागलं असतं. तो गप्प बसला.

हे ऐकून आम्ही फासे टाकायचे विसरलो. सुमितनं तर डोळे पुसले, आणि नंतर धुळीची अॅलर्जी म्हणाला.

बारव मात्र सरांनी मनानं काढलेली नव्हती. भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या पुढं त्यांचं गाव आहे, तिथलीच ती. भिंतीत भोकही आहे. त्यात पारवे राहतात, आणि मला विचाराल तर ते भोक पारव्यांसाठीच असावं. एकदा सरांसोबत गेलेल्या सुमितनं तिचा फोटो काढला होता. आता या शहाण्यानं काय करावं? तो फोटो आणि सरांचा मजकूर जोडून चार ग्रुपवर टाकला. खेळाचं, सरांचं नाव कुठंच नाही. "एवढं भारी लिहिलंय, लोकांनी वाचायला नको का?" हे त्याचं म्हणणं.

लोकांनी वाचलं. महिन्याभरात ते सरांच्या गावी पोचलं. तिथल्या भीमनगरात सरांचे वडील सर्जेराव राहतात. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेले, अक्षरओळख जेमतेम. शेजारच्या पायलनं त्यांना मजकूर वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला, आणि मग मुलाला फोन केला. आम्ही बाकांभोवती बसलो होतो, फोनचा आवाज मोठा होता.

"आरं भारत, बारव आपल्या लोकानं बांधेल हाय! समदं लिहून आलंय. आमाला वर हुभं करायचे ते बी बराबर लिवलंय."

सरांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "हो का, आबा?"

"मंग! मी समद्यायला सांगून राह्यलो."

फोन ठेवल्यावर कुणी कुणाकडं बघेना. "पुढच्या खेपेला गेलो की समोर बसून सांगतो," सर म्हणाले. पुढच्या खेपेला ते गेले आणि न सांगताच परत आले. आबांनी म्हणे त्यांच्यासाठी कोंबडी कापली होती आणि जेवताना सगळी गोष्ट त्यांनाच ऐकवली होती, चार नव्या गोष्टी घालून.

इकडं गावात तोच मजकूर दुसऱ्या अंगानं फिरत होता. त्यातली वेशीबाहेरची माणसं मधल्या मधे कुणीतरी गाळली होती. उरले 'गावचे थोर पूर्वज'. माजी सरपंच बद्रीनाथ पाटलांनी ते मनावर घेतलं. माणूस वाईट नाही, हौशी आहे. पदरचे पैसे घालून त्यांनी बारवेतला गाळ काढला, संगमरवरी पाटी करवून घेतली, आणि अनावरणाला दोन शब्द बोलायला गावचा शिकलेला पोरगा म्हणून भारत सरांनाच बोलावलं.

"आता सांगतोच," सर म्हणाले. "माईकवरून सांगतो. मी लिहिलं, खेळासाठी लिहिलं, सगळं मनातलं आहे." जालन्याहून भोकरदनच्या एसटीत ते हेच वाक्य पुटपुटत होते. सुमित आणि मी मागच्या सीटवर.

बारवेपाशी मांडव होता. सर्जेराव पुढच्या रांगेत, पांढऱ्या इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ बसलेले. पाटील बोलायला उठले. हे विज्ञान आमच्या वाडवडलांचं, आमच्या घराण्यानं इथं पाण्याची राखण केली, असं बरंच बोलले. टाळ्या पडल्या. आणि सर्जेराव उभे राहिले.

"पाटील, बोलू का जरा? बारव आमच्या लोकानं बांधली. आमालाच उतरू देत नव्हते. खोटं वाटत आसंल तर माह्या पोराला इचारा, शिकेल हाय त्यो."

सगळा मांडव सरांकडं वळला. पाटलांनी माईक पुढं केला. सरांच्या शाळेतले जुने गुरुजी तिथं होते, तालुक्याची माणसं होती. या सगळ्यांसमोर या वयात आपण फासे टाकून खेळतो हे कसं सांगायचं? सरांनी माईक हातात घेतला.

"आबांनी कुठंतरी ऐकलं असेल," ते म्हणाले. "याला तसा काही पुरावा नाही."

एवढंच. बोलले ते खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त संताप आला. बापाचं तेवढं खोडलं आणि पाटलांचं तसंच ठेवलं. मागं कुणीतरी खिदळलं. "जाऊ द्या, म्हातारं माणूस हाय," पाटील म्हणाले, तेही मायेनं. सर्जेराव उभेच होते. मग त्यांनी मागं हात नेऊन खुर्ची चाचपली आणि बसले. पडदा सरला, पाटी दिसली, नारळ फुटला. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि मीही उठले नाही.

घरी आबांनी आम्हाला स्वतः चहा करून दिला. साखर जास्त झाली होती, तरी आम्ही सगळा प्यायलो. कप ठेवून त्यांनी विचारलं, "मंग त्ये लिवलं कुणी व्हतं रे?"

"मी," सर म्हणाले.

"तू?"

"खेळासाठी, आबा. दगड घुमत नव्हता. आपल्या लोकांनी बांधली का, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

सर्जेरावांनी रिकामे कप एकात एक घातले. आता ओरडतील असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दगडाचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पन घागर घिऊन वर हुभं ऱ्हायचं, त्ये तर तुला म्याच सांगितलं व्हतं ना? आईसंगं मी सोता हुभा व्हतो. उनात."

"हो, आबा."

"मंग तेवढं तरी सांगायचं व्हतं मायकात. त्ये तर खोटं नव्हतं."

सर उठले. चपला पायात सरकवल्या न सरकवल्या आणि बारवेकडं पळत सुटले. सुमित आणि मी मागं. तिथं कुणी नव्हतं. पाटील कधीच घरी गेले होते, माईक टेम्पोत चढला होता, आणि मांडववाला एकटा ताडपत्री गुंडाळत होता. सर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. श्वास लागला होता, तरी बोलायला लागले. माझे वडील लहानपणी इथं, या पाटीपाशी, घागर घेऊन उभे राहायचे, त्यांना उतरू देत नव्हते, आणि मघाशी मला हे सगळं माहीत होतं.

मांडववाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर हाय, सर," तो म्हणाला. "जरा तेवढं टोक धरता का?"

सरांनी टोक धरलं. ताडपत्रीच्या घड्या होईपर्यंत ते सांगतच होते.