पेंटरकाकांचा राखाडी जिना

पेंटरकाका पडले नव्हते, बसले होते. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवरून ते थेट तळाशी आले. एक चप्पल पायरीवरच राहिली, दुसरी दारापर्यंत गेली आणि हातातली दुधाची पिशवी फुटून खाली तळं झालं. आवाज ऐकून काकू वरच्या दारात आल्या.

"काय झालं हो?"

"काही नाही. बसलोय जरा."

"दुधात?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "रंग बघत होतो. खालच्या पायरीची चकाकी अजून गेली नाही, बघ."

दोन महिन्यांपूर्वी ते न्हाणीघरात असेच 'फरशी तपासत' बसले होते. तेव्हा काकूंनी मुलीला कळवलं नव्हतं. या वेळी मात्र कोपर सुजून टम्म झालं होतं, म्हणून कळवावं लागलं. मुलगी दुसऱ्या गावी राहायची. फोनवर तिने फार आरडाओरडा केला नाही, आणि काकांना त्याचीच जास्त भीती वाटली.

"बाबा, पुढच्या महिन्यात मी खोकी घेऊन येते. सामान बांधू आणि तुम्ही दोघं माझ्याकडे चला. माझं घर तळमजल्यावर आहे, जिन्याची भानगडच नाही."

"आणि हे घर?"

"कुलूप."

काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. वरच्या मजल्यावरच्या या दोन खोल्या त्यांनी एकेका भिंतीला रंगाचे तीन-तीन हात देऊन उभ्या केल्या होत्या. खाली शिंपीणबाईंचं दुकान होतं. काकू रोज दुपारी तिथे बसून काजं करायच्या आणि जगाच्या चौकशा करायच्या. हे सगळं कुलपात घालायचं म्हणजे काय, ते काकांच्या डोक्यात शिरेना.

काकू मात्र घासाघीस करण्यात पटाईत होत्या. "हे बघ, दवाखान्यात दर गुरुवारी पाय तपासणाऱ्या एक सिस्टर येतात. त्या म्हणाल्या इथे राहणं धोक्याचं आहे, तर मी स्वतः भांडी बांधायला घेईन."

"चालेल," मुलगी म्हणाली, "पण मला त्यांची चिठ्ठी हवी. बाबांच्या तोंडचा निरोप नको."

काकांनी शेहेचाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली होती. शिडीवर ते कायम अनवाणी चढायचे. हाताखालच्या पोरांना सांगायचे, "शिडी हातांनी नाही रे, पायाच्या अंगठ्यांनी धरायची. अंगठा खोटं बोलत नाही." इतक्या वर्षांत शिडीवरून ते एकदाही पडले नाहीत. असा माणूस घरच्या तिसऱ्या पायरीवरून पडतो, हे चारचौघांत कबूल करणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

गुरुवारी सिस्टरनी त्यांना खुर्चीवर बसवून पाय समोरच्या स्टुलावर ठेवायला लावले. मुलीच्याच वयाची बाई, पण आवाज असा की माणूस आपोआप सरळ बसावा.

"काका, डोळे मिटा. मी तुमच्या तळपायाला नायलॉनचा धागा टेकवणार आहे. लागला की 'हो' म्हणा."

काकांनी डोळे मिटले. "हो," ते म्हणाले. जरा थांबून, "हो." मग आणखी थोड्या वेळाने, "हो."

"काका, मी अजून धागा हातात घेतलेला नाही."

काकूंनी तोंडावर हात ठेवला, पण हसू काही लपलं नाही. दुसऱ्या वेळी काका मुकाट्याने खरं बोलले. दहा जागांपैकी चार ठिकाणी त्यांना धागा कळला.

"साखर किती वर्षांपासून आहे?"

"चौदा."

"आणि टाचा इतक्या गुळगुळीत कशा?"

काका खुलले. त्यांच्या कामाचं कौतुक करणारं कोणीतरी भेटलं होतं. "पॉलिश पेपर. आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस."

"पायाला?"

"भिंतीलासुद्धा आधी ऐंशीच मारतात."

"आणि हे कुरूप कोणी कापलंय?"

"कापलं नाही हो. पातीने खरवडलं. ज्या पातीने भिंतीच्या भेगांत लांबी भरतो, तिने."

सिस्टरनी काकूंकडे पाहिलं. "मी काय करू सांगा," काकू म्हणाल्या, "घरातल्या दाराला आणि स्वतःच्या पायाला यांचा हिशोब एकच."

सिस्टरनी नखं सरळ कापून दिली, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या आणि बजावलं, की पेपर आणि पाती आजपासून फक्त भिंतीला. अनवाणी चालायचं नाही. रोज संध्याकाळी आरसा धरून तळपाय बघायचे, स्वतःला जमत नसेल तर काकूंनी बघायचे. काकांच्या चपला उचलून त्यांनी त्यांच्यासमोर धरल्या. दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूने झिजून तिरप्या झाल्या होत्या. "या चपला नाहीत काका, घसरगुंड्या आहेत."

"मग चिठ्ठी?" काकांनी विचारलं.

"घर बघितल्याशिवाय चिठ्ठी नाही. माझ्या जायच्या रस्त्यावरच आहात तुम्ही. शनिवारी येते."

शनिवारी सिस्टर आल्या. घरभर फिरून पायाखालची पायपुसणी त्यांनी स्वतः उचलली, न्हाणीघरात पकडायला दांडा लावायला सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलायचा, मग एका पायावर उभं राहायचा व्यायाम दोघांकडून करून घेतला. काका एका पायावर पाच मोजेपर्यंत टिकले. काकू वीस मोजूनही उभ्याच. "बसा आता, कळलं," काका म्हणाले.

मग सिस्टर जायला निघाल्या आणि जिन्याच्या तोंडाशी थबकल्या.

तो जिना म्हणजे काकांची शेवटची करामत होती. तीन वर्षांपूर्वी, काम थांबवल्यावर, त्यांनी अकराच्या अकरा पायऱ्या, त्यांच्या उभ्या बाजू आणि खालची फरशी एकाच राखाडी ऑइलपेंटमध्ये काढली होती. ब्रशचा एक केस दिसेल तर शपथ. जुने पेंटर मुद्दाम बघायला येऊन गेले होते.

"रंग फारच सुंदर आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण काका, पायऱ्या कुठे आहेत?"

"हेच तर!" काकांची छाती फुगली. "वरून बघितलं की एकसंध. कड दिसली की पेंटर हरला समजा."

"इथे पेंटर जिंकला," काकू मागून म्हणाल्या, "आणि म्हातारा पडला."

सिस्टरनी सांगितलं, प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद, भडक रंगाचा, खरखरीत पट्टा हवा, आणि कठड्याचा पाइप शेवटच्या पायरीच्या पुढपर्यंत यायला हवा.

"पाइप लावतो. चपला फेकतो. टाच धरून ठेवणारे, पट्ट्याचे बूट घेतो," काका म्हणाले, "पण पट्टे नाहीत. जिना आहे की झेब्रा?"

"तुमची मर्जी. पुढच्या शनिवारी चिठ्ठी लिहायला येईन. काय लिहायचं ते जिना बघून ठरवू."

पुढच्या तीन दिवसांत काकांनी बाकी सगळं केलं. बूट आणले, वेल्डरला बोलावून पाइप वाढवून घेतला, न्हाणीघरात दांडा लावला. पट्ट्यांचा विषय निघाला की मात्र कानात बोळे घातल्यासारखे बसायचे.

बुधवारी दुपारी ते जिन्याच्या पायथ्याशी स्टूल टाकून नव्या पाइपला प्रायमर लावत होते. काकू काजं करायचे कपडे घेऊन वरून उतरू लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. काकांनी कान दिला.

"चार... पाच... सहा..."

तेवढ्यात दुकानातून शिंपीणबाईंची हाक आली, "काकू, निळा दोरा आणताय ना?"

"आणतेय, आणतेय!" काकू म्हणाल्या आणि जागच्या जागी थांबल्या. मग भिंत धरून वळल्या, पुन्हा वर गेल्या आणि वरच्या पायरीपासून सुरू केलं. "एक... दोन..."

"अगं, परत का गेलीस?"

"मोजणी चुकली."

"कसली मोजणी?"

"पायऱ्यांची."

काका ब्रश हातात धरून बघत राहिले. काकू शेवटपर्यंत उतरल्या, अकरा म्हणाल्या आणि मग श्वास सोडला.

"रोज मोजतेस?"

"तुम्ही रंग लावल्यापासून. मला त्या दिसतच नाहीत हो. सगळं एकच दिसतं. पाय टेकला की कळतं, आली म्हणून."

"तीन वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही लोकांना बोलावून बोलावून जिना दाखवत होतात. तोंड बघण्यासारखं असायचं तुमचं. मला कसं बोलवेल?"

काकू दुकानात गेल्या. काकांनी थोडा वेळ ब्रशचे केस उगाच सरळ केले. मग ते वर गेले आणि माळ्याखालच्या फळीवरून पिवळ्या रंगाचा डबा काढून आणला.

ऐंशी नंबरचा पेपर त्या दिवशी योग्य जागी लागला. काकांनी प्रत्येक पायरीची कड घासून चकाकी मारली, चिकटपट्टी लावून रेघ आखली आणि रंगात चाळलेली बारीक वाळू मिसळली. जायला-यायला वाट राहावी म्हणून आज फक्त भिंतीकडची अर्धी कड, कठड्याकडची उद्या. वरच्या पायरीपासून बसत बसत ते खाली सरकले. कामाला बसले की बूट काढायचे, ही हाडात मुरलेली सवय. ती त्यांच्या लक्षातही आली नाही.

संध्याकाळी काकूंनी आरसा काढला. "द्या इकडे पाय." डावा पाय ठीक होता. उजव्या तळपायाला पिवळा रंग होता आणि टाचेत डब्याच्या झाकणाची पत्र्याची किरची रुतलेली होती. भोवती रक्त सुकलं होतं.

"अहो, हे दुखत नाही?"

"काय?"

काकूंनी आरसा वळवून दाखवला. काका बघत राहिले. तो पाय त्यांचा होता आणि ती जखमही त्यांचीच होती, पण बातमी आरशाने सांगितली होती. शेहेचाळीस वर्षं ज्या पायांवर डोळे झाकून विश्वास टाकला, ते आता काही कळवतच नव्हते. मग ते म्हणाले, "बूट कुठे ठेवलेस माझे?"

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच काका बाकावर हजर होते.

"आज कशाला?" सिस्टरनी विचारलं.

"पत्रा रुतला होता. मला कळलं नाही. अनवाणी होतो."

सिस्टरनी एकदा काकांकडे आणि एकदा काकूंकडे पाहिलं. "स्वतःहून सांगताय?"

"हो," काका म्हणाले. "या वेळी धागा टेकवल्यावर म्हणतोय."

जखम धुतली गेली, पट्टी झाली, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. उरलेली अर्धी कड काकांनी बूट घालून रंगवली. बुटांवर रंग उडाला, त्याबद्दल काकूंनी ऐकवायचं ते ऐकवलं. शनिवारी सिस्टर जिना दोनदा चढल्या-उतरल्या आणि उभ्या उभ्याच चिठ्ठी लिहिली: सध्या इथे राहायला हरकत नाही. पाय रोज पाहावेत, महिन्याला एकदा दाखवावेत.

पुढच्या महिन्यात मुलगी ठरल्याप्रमाणे आली, दहा रिकामी खोकी घेऊन. चिठ्ठी तिने दोनदा वाचली. बाबांना तीनदा जिना चढायला-उतरायला लावलं, बुटाचा पट्टा ओढून पाहिला. ओट्याशी उभं करून एका पायावर मोजायला लावलं. काका बारापर्यंत पोचले.

"सहा महिने," ती शेवटी म्हणाली. "सहा महिन्यांनी परत बघू."

"खोकी ठेवून जा," काकू म्हणाल्या. "शिंपीणबाईंना चिंध्या भरायला हवीच आहेत."

निघताना मुलगी जिन्यात रेंगाळली. पायाचा अंगठा पिवळ्या पट्ट्यावर घासून पाहिला. "बाबा, आमच्या न्हाणीघराला एक पायरी आहे, पांढऱ्यात पांढरी. सासूबाई परवा अडखळल्या. त्या पायरीला असं करता येईल?"

"येईल की. पण मी खाली बसून करणार आणि बुटात करणार."

अशा रीतीने पेंटरकाका आणि काकू मुलीकडे गेले ते दोन दिवसांपुरते, परतीची तिकिटं काढूनच. बरोबर एक ब्रश, पिवळा रंग आणि पुडीत वाळू. विहीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि लाजत म्हणाल्या, "दाखवते तुम्हाला ती पायरी."

काकांची नजर त्यांच्या पायांकडे गेली होती.

"पायरी पळून जात नाही, विहीणबाई," ते म्हणाले. "आधी बसा, आणि त्या चपला द्या बघू इकडे."