मामी यायच्या आधी

ओमानातल्या निझव्याच्या आसपासचा एकही देखावा असा नाही, जो आमच्या हिच्या मामांनी आम्हाला सुखाने बघू दिला. लोक मस्कतहून, पार दुबईहून गाड्या काढून इथले डोंगर बघायला येतात. आम्ही त्या डोंगरांच्या पायथ्याशीच राहतो. शुक्रवारी सकाळी नाश्ता करून निघालं की दुपारच्या जेवणाआधी कुठल्याही कड्यावर पोचतो, संध्याकाळी घरी परत. गाडी मामांची, पेट्रोल मामांचं, हौस मामांची. एवढं सगळं असून मिस्फा गावात खजुरांखालून खळखळणारा पाट बघताना मी कोणाच्या तरी गुडघ्यांचा विचार करत होतो, आणि जबल अख्दरच्या गुलाबाच्या मळ्यात, जिथे माणसं डोळे मिटून वास घेतात, तिथे मामा माझ्या लेकीला कितव्या वळणावर मळमळलं याची चौकशी करत होते. असा माणूस बरोबर असला की निसर्ग बिचारा काय करणार!

मामा चिपळूणच्या पुढच्या एका खेड्यातले. विहिरींसाठी बोअर मारणाऱ्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी अख्खी उमेद घालवली. त्यांचे अर्बाब, म्हणजे मालक, त्यांना घरच्यासारखे वागवत. मामी मात्र गावी. लग्न झालं, मुलगी झाली, आणि मामींना इकडे आणायचं ठरलं तेवढ्यात मामांच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. म्हातारा अंथरुणाला खिळला तो खिळलाच. सुनेच्या हातचं सोडून दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. मग काय, मामा इथे, मामी तिथे, आणि वर्षातून एक महिना काय तो संसार. या सगळ्या वर्षांत मामांनी एकच गोष्ट मनाशी धरली होती: एकदा तरी मामीला इथे आणायचं आणि हे डोंगर दाखवायचे. आम्ही जे दर शुक्रवारी हिंडत होतो ती सहल नव्हतीच. ती मामींच्या सहलीची रंगीत तालीम होती.

हे मला फार उशिरा कळलं असं नाही, पहिल्याच खेपेला कळलं. गाडीच्या मागे मामांनी एक प्लास्टिकची खुर्ची टाकलेली असे. कड्यावर पोचलो की ती खुर्ची निघे. मी कौतुकाने टेकायला गेलो तर मामा म्हणाले, "तुम्ही नको, जावई. तुमचे गुडघे चांगले आहेत. तुमचं मत काय कामाचं?" कामाचं मत होतं माझ्या दवाखान्यातल्या एका मित्राचं. हा मित्र नागपूरचा, देहाने भक्कम आणि गुडघ्यांनी अधू, म्हणजे मामांच्या हिशेबी थेट मामींसारखा. त्याला बघताच मामांचे डोळे चमकले. त्या दिवसापासून प्रत्येक सहलीला त्याला आग्रहाचं बोलावणं. त्याला वाटे, काय प्रेमळ माणूस आहे! मामा त्याला खुर्चीवर बसवत, उठवत, पायऱ्या उतरायला लावत आणि शेजारी उभे राहून विचारत, "कळ कुठे येते? मांडीत की वाटीत?" मिस्फाच्या पायऱ्यांवर तो घामाघूम होऊन म्हणाला, "मामा, मी नाही उतरत." मामांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "मिस्फा खलास. मामीला जमायचं नाही." एवढं सुंदर गाव, पण मामांच्या लेखी ते त्या क्षणी नकाशावरून पुसलं गेलं.

गुडघ्यांपेक्षा मोठी काळजी दुसरी होती. मामींना गाडी लागते. गावाहून चिपळूणला एसटीने जायचं तरी त्या आदल्या दिवसापासून जेवत नाहीत, अशी ख्याती. आणि इथला तर सगळा मामला घाटाचा! त्यामुळे आमच्या लेकीला, जिला गाडी लागते, मामांनी डोक्यावर घेतलं. "हिचं पोट खरं बोलतं," ते म्हणायचे. जबल अख्दरचा घाट त्यांनी तिला पुढे बसवून चढून पाहिला, मागे बसवून पाहिला, काच उघडी ठेवून, लिंबू हुंगायला देऊन, आलेपाकाची वडी चघळायला देऊन पाहिला. ही एकदा भडकली. "मामा, पोरगी आहे ती, काय प्रयोगशाळा आहे?" मामा ओशाळले, पण वळणावर हळूच मागे वळून विचारलंच, "लिंबानं बरं वाटलं का गो बाय, की वडीनं?" लेक इथल्या शाळेत शिकलेली, तिचं मराठी अडखळत चालतं. ती म्हणाली, "मामाआजोबा, लेमन इज बेटर, पण प्लीज पुढे बघून चालवा."

चहाच्या बाबतीत त्यांची वेगळीच तऱ्हा. इथे चहाच्या दुकानासमोर गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा, की आतला माणूस धावत येऊन काचेतून चहा देतो. सगळा मुलूख असाच चहा पितो. मामा मात्र कधी हॉर्न वाजवत नसत. ऊन असो, गर्दी असो, उतरून आत जात, रांगेत उभे राहत आणि पेले सांभाळत स्वतः घेऊन येत. मी एकदा चिडून हॉर्नकडे हात नेला, तर त्यांनी मनगट धरलं. म्हणाले, "नको. आमच्या घरी एक माणूस दिवसभर हाका मारतो आणि एक दिवसभर धावतो. तेवढं पुरे आहे." त्यानंतर मी कधी हॉर्नला हात लावला नाही.

कड्यावर पोचून खुर्चीची परीक्षा संपली की मामा गावी व्हिडिओ कॉल लावत. फोन हातभर लांब धरून दरी दाखवायला जात, आणि पलीकडून मामी म्हणत, "अहो, तुमचं नाकच दिसतंय नुसतं." मग ते फोन फिरवत, दाखवायला सुरुवात करत, तोच मागून म्हाताऱ्याची हाक येई. मामी म्हणत, "थांबा हं, बाबा बोलावतायत," आणि फोन तांदळाच्या डब्यावर उताणा ठेवून जात. मामा फोन बंद करत नसत. पडद्यावर स्वयंपाकघराची कौलं दिसत राहत, आणि हा गृहस्थ त्या कौलांना भक्तिभावाने सगळं दाखवत राही. "ते बघ, खाली गाव आहे, दिसतं का? ती हिरवी पट्टी म्हणजे डाळिंबाची शेती." आम्हाला हसू यायचं. पण का कोण जाणे, आमच्यापैकी मोठ्याने कोणी हसलं नाही.

गेल्या वर्षी म्हातारा गेला. मामा जाऊन दिवस करून आले. आले तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. वडील गेल्याचं दुःख होतं, ते खरंच होतं. आणि त्याच्याआडून दुसरं काहीतरी डोकावत होतं, त्याची त्यांना लाज वाटत असावी. त्याच सुमारास कंपनीने सांगितलं, वय झालं, पुढचा व्हिसा नाही. म्हणजे हातात उरला एकच हिवाळा. मामांनी अर्बाबला सांगून मामींचा व्हिसा काढला आणि विमानतळावर आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. मामी बाहेर आल्या. लहानशा, वाळलेल्या, अंगात मुलीचा जुना स्वेटर. आमच्या नागपूरच्या मित्राच्या निम्म्यासुद्धा नव्हत्या. मामांच्या आठवणीतल्या भक्कम मामी कधीच झिजून गेल्या होत्या, आणि वर्षातला एक महिना घरी जाणाऱ्या या माणसाला ते दिसलं नव्हतं. मित्र माझ्या कानात म्हणाला, "अरे, मग मी कोणासाठी चढत-उतरत होतो?" मी त्याला गप्प केलं.

पहिला शुक्रवार जबल अख्दरचा. मामांनी गाडी दोनदा धुतली. मामींना पुढे बसवलं, एका हातात लिंबू, एका हातात वडी. मामा सांगू लागले, "आता डाव्या बाजूला बघ हां..." आणि डाव्या बाजूला बघायला मामी जाग्या होत्या कुठे? निझवा सुटायच्या आत त्यांची मान कलली होती. घाटाच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे, गाडी डोंगर चढण्याजोगी आहे का ते तपासतात. पोलीस खिडकीशी येऊन खणखणीत आवाजात सलाम करणार, तेवढ्यात मामांनी ओठांवर बोट ठेवलं. पोलिसाने आत वाकून पाहिलं. मग हसला आणि पुढे जायची खूण करत हळूच म्हणाला, "यल्ला." सगळा घाट आम्ही श्वास रोखून चढलो. मामींना गाडी लागली नाही. वर, मळ्यांच्या पायऱ्या दिसतात तिथे मामांनी गाडी उभी केली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा उत्साह त्या चेहऱ्यावर कसाबसा धरून ठेवलेला होता. "उठवू का हो, जावई?" मी मामींकडे पाहिलं. ते स्वतःच कुजबुजले, "राहू दे. डोळा लागलाय तिचा."

मागे आमची लेक ताडकन उठून बसली. तिला मराठीतले डोळे आणि मराठीतलं लागणं ही दोन्ही माहीत होती, पण दोन्ही एकत्र आली की झोप होते हे कोणी शिकवलं नव्हतं. "ओ माय गॉड! मामीआजीच्या डोळ्याला काय लागलं?" ती केवढ्यांदा तरी ओरडली आणि पाण्याची बाटली घेऊन पुढे झेपावली.

मामी दचकून जाग्या झाल्या. डोळे नीट उघडलेही नव्हते, आणि तोंडातून निघालं, "आले, आले, बाबा!" त्या उठायला गेल्या. पट्ट्याने त्यांना धरून ठेवलं, तर तो हाताने ओढत, धडपडत पुन्हा म्हणाल्या, "आले हं, एक मिनिट."

मामांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "बाबा नाहीत गो. आपण ओमानात आहोत." मामींनी इकडेतिकडे बघितलं, ओशाळं हसल्या. "अगोबाई, झोपच लागली की मला." मग उतरल्या, समोरचे मळे बघितले, "छान आहे हो सगळं," म्हणाल्या. खुर्चीत जरा वेळ बसल्या, सगळ्यांना विचारून पोळ्या वाढल्या, आणि परतीच्या वाटेवर पहिल्याच वळणाला पुन्हा झोपल्या. आणि त्यानंतर "उठवू का?" हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

पुढचे सगळे शुक्रवार असेच गेले. बहल्याचा किल्ला मामींनी झोपेत पाहिला. वादी गुलची शेतं झोपेत ओलांडली. घरी असताना पहाटे उठून कामाला लागत. दुपारी आडवं व्हा म्हटलं तर "मला दिवसा झोप येत नाही बाई," म्हणत. गाडीत मात्र बसल्याबरोबर. हिने एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गाडीत काय गो, उठून जायला वाव नसतो ना. कोणी हाक मारली तरी मी जाणार कुठे? मग झोप येते."

मामा-मामी आता गावी असतात. फोन होतो. बरी आहेत म्हणतात. निझव्यात आम्हाला शुक्रवार मोठा वाटतो. गाडी आता माझीच आहे, पण कुठे जायचं हे ठरवायला कोणी नसतं आणि कोणाला काही सुचतही नाही.

इथला त्यांचा शेवटचा शुक्रवार मात्र मला रोज कशावरून तरी आठवतो. मामांनी जबल शम्सची दरी शेवटासाठी राखून ठेवली होती. वरचा कच्चा रस्ता त्यांनी इतक्या हळू चढवला की मागच्या गाड्या वैतागून पुढे निघून गेल्या. कड्याच्या अगदी समोर, पाय न दुखवता सगळं दिसेल अशी जागा त्यांनी कधीची हेरून ठेवली होती, तिथे नेऊन गाडी लावली. समोर जमीन संपत होती, आणि खाली, फार खाली, उन्हाची सावल्यांशी लपाछपी चालली होती. मेंढ्यांच्या लोकरीचे गोंडे विकणाऱ्या दोन मुली गाडीकडे येऊ लागल्या. मामांनी काचेतूनच त्यांना हात जोडले, तशा त्या थांबल्या. मामी झोपलेल्या. तोंड थोडं उघडं, लिंबू ओच्यात पडलेलं. एसी बंद झाला तर जाग येईल म्हणून मामांनी इंजिन चालूच ठेवलं होतं. आम्ही मागे दाटीवाटीने, पाय आखडून, गप्प.

बराच वेळ गेला असेल. मामी चाळवल्या. डोळे किलकिले झाले. समोर ती अख्खी दरी होती, काचेच्या पलीकडे, ज्याच्यासाठी या माणसाने आमचे इतके शुक्रवार आणि एका नागपूरकराचे गुडघे खर्ची घातले होते. मामींनी झोपेतच विचारलं, "आलं का हो?"

मामांनी एकदा दरीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"नाही अजून," ते म्हणाले. "लांब आहे. नीज तू."