केळीच्या पाल्यावरचं इंजिन

आबांचं इंजिन धुळ्याहून सावद्याला आणायचं म्हटल्यावर माझे दोघे भाऊ हसले. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेव म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्या ऑइल इंजिनापाशी उभी हयात काढली होती. जिनिंग केव्हाच बंद पडलेलं, आता पाडकाम सुरू होतं. मी आबांना घेऊन धुळ्याला गेले, तर मालक म्हणाला, संध्याकाळपर्यंत फुकट उचला, नाहीतर भंगारवाला तोडून नेईल.

आणि आबांचे कान जात चालले होते. जळगावच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, थोडंफार ऐकू येतंय तेही काही महिन्यांत जाईल. तेव्हापासून आबांचा एकच धोशा, इंजिन एकदा चालू झालेलं ऐकायचंय. जिनिंगमध्ये ते चालवायची सोय नव्हती, नळ्यासुद्धा कुणी काढून नेल्या होत्या. घरी आणलं तर आमचा गावचा मिस्त्री चालू करून देणार होता.

क्रेनचं आणि ट्रेलरचं भाडं ऐकूनच माझे डोळे पांढरे झाले. भाऊ फोन उचलेनात. शेवटी सुरतेला केळी टाकून रिकामी परतणारी गावाकडची एक गाडी मिळाली. ड्रायव्हरच्या मी अक्षरशः पाया पडले. हमालांनी पाइपांवरून ढकलत, पहारींनी रेटत ते धूड कसंबसं गाडीत चढवलं.

त्याआधी आबांनी गाडीतच उरलेला केळीचा पाला अंथरला होता. आमच्याकडे गाडी भरायची म्हणजे आधी पाला, ही आमच्या हातांची सवयच. केळीला डाग लागू नये म्हणून घालतात, तसं आबांनी बाळंतिणीचं अंथरूण घालावं इतक्या मायेनं पानावर पान लावलं. मग इंजिन दोरांनी करकचून बांधलं. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

आबा केबिनमध्ये माझ्या आणि ड्रायव्हरच्या मधे बसले. प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून बघायचे. हळू चालवा, हळू चालवा म्हणून मी ड्रायव्हरचं डोकं खाल्लं. पारोळा मागे पडलं तेव्हा कुठे मी जरा टेकून बसले.

एरंडोलच्या अलीकडे एक ट्रॅक्टर आडवा आला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. मागून धाडकन आवाज आला. हॉर्न कानाशी वाजला तरी ज्यांना कळत नव्हतं, त्या आबांनी माझ्याआधी मान वळवली.

ओझ्याखाली पाला चेपला होता, दोर सैल पडले होते. पानांच्या चिकावरून इंजिन घसरत जाऊन पुढच्या पत्र्यावर आदळलं होतं. वरपासून खालपर्यंत तडा गेलेला. ते बिडाचं, आता जोडलं जाणार नव्हतं. मी ड्रायव्हरला नको नको ते बोलले. बेचाळीस पिढ्या उद्धरल्या त्याच्या. तो बिचारा खाली मान घालून उभा.

आबा गाडीत चढले. तड्यावरून हात फिरवला. मग मला हाक मारली.

"त्याला नको बोलू. पाला म्या टाकला."

मी रडतच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आयकू आलं मले," ते म्हणाले. "फुटलं ना, ते चांगलं आयकू आलं."