गीताची कॅज्युअल

हुडको वसाहतीत राहणाऱ्या गीताला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तिच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द मोजायला कुणी बसलं असतं तर शंभरावर निघाले असते. तिरोड्याजवळच्या एका खेड्यातून ती लग्न होऊन भिलाईत आली, तेव्हा जेमतेम सातवी शिकलेली. नवरा मोहित एका खाजगी वर्कशॉपात फिटर. तो जे शब्द घरी आणायचा ते तिने उचलले. शब्दाचा अर्थ तिने कधी कुणाला विचारला नाही. त्या शब्दामागून घरात काय घडतं ते बघायचं आणि तोच अर्थ धरायचा, ही तिची रीत. ‘ब्रेकडाउन’ म्हणजे जेवण झाकून ठेवायचं. ‘इन्स्पेक्शन’ म्हणजे मोहित दोन दिवस चिडलेला राहणार. वीस वर्षांत ही रीत कधी फसली नव्हती.

यातला तिचा सगळ्यात लाडका शब्द ‘कॅज्युअल’. मोहितने कॅज्युअल टाकली की तो सकाळी उशिरापर्यंत लोळायचा, दुपारी दोघं मैत्रीबागेत जायची, आणि संध्याकाळी तो स्वतः कांदे चिरायला बसायचा. शेजारणीला ती सांगायची, “आज ह्यायची कॅज्युअल आहे,” तेव्हा सणवार असल्यासारखा तिचा आवाज चढायचा.

मागच्या फेब्रुवारीत मोहितची थोरली बहीण नीतू हिने बोरसीला घर बांधलं. वास्तुपूजा शुक्रवारी होती. फोरमन सुट्टीवर असल्यामुळे मोहितचा रजेचा अर्ज आदल्या दिवशी मंजूर झाला नाही. सकाळी सातला सायकल काढताना तो म्हणाला, “मी जातो, कॅज्युअल टाकतो अन् तिथूनच थेट बोरसीले येतो. तू माही वाट नको पाहू.”

साडेदहाच्या सुमारास गीता केस विंचरत होती, तेव्हा फोन वाजला. मोहितसोबत काम करणारा विक्की बोलत होता.

“भाभी, भैया कैजुअल्टी में हैं. आप आ जाइए.”

“हाव, हाव, निघतेच मी,” गीता हसत म्हणाली.

विक्की पुढे काहीतरी बोलला, पण मागे कसलातरी भोंगा जोरात वाजत होता. फोन कटला. सुट्टी मंजूर झाली, मोहित बोरसीकडे निघाला, आणि आठवणीने विक्कीकडून निरोप धाडला, असं गीताने मनाशी जुळवलं. तिला कौतुकच वाटलं. तिने जांभळी रेशमी साडी नेसली, रात्री केलेल्या अनारशांचा डबा घेतला आणि ऑटोत बसली. रस्त्याच्या गोंगाटात पर्समधला फोन दोनदा वाजला, तिला ऐकू आला नाही.

बोरसीला होम सुरू झाला होता. नीतूने दारातच विचारलं, “मोहित कुठं आहे?”

“आले नाई का अजून? मले तर वाटलं माझ्या आधी पोचले असन.”

“रस्त्यात कोनी भेटलं असन,” नीतू म्हणाली. गीता बायकांत जाऊन बसली. तिने नव्या खोल्या पाहिल्या, फरशीची तारीफ केली, डोक्यावर अक्षता घेतल्या. जवळजवळ पाऊण तास असा गेला. नीतूची मुलगी उर्वी, दुर्गच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बीए करणारी, सरबताचे ग्लास घेऊन आली.

“मामी, मामा कुठे रह गए?”

“काय माहीत बाई! विक्कीचा फोन आल्ता सकाळी. भैया कॅज्युअल्टीत आहेत म्हने.”

उर्वी थांबली. तिने ट्रे खाली ठेवला.

“काय म्हणाला तो? परत सांग.”

“कॅज्युअल्टी. सुट्टी टाकली म्हंते ना त्यायनं.”

“मामी,” उर्वीचा आवाज बारीक झाला, “कॅज्युअल्टी म्हणजे सुट्टी नाही. दवाखान्यात ॲक्सिडेंटवाल्यांना नेतात ना, ती खोली.”

गीताला वाटलं, पोरीची काहीतरी चूक होत आहे. ती हसलीसुद्धा. मग तिने पर्स उघडून फोन पाहिला. विक्कीचे सहा मिस कॉल होते. उर्वीनेच फोन घेतला आणि उलट लावला. ‘हाँ’, ‘कब’, ‘कौन से हॉस्पिटल’, एवढंच ती बोलली, पण बोलता बोलता तिने दुसऱ्या हाताने गीताचा दंड धरला, तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

सुट्टी मंजूर होईपर्यंत काम करताना मोहितचा पाय शिडीवरून सटकला होता. बारा फुटांवरून तो लोखंडी पाट्यांवर आदळला. मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. ऑपरेशनची तयारी झाली होती. घरच्या माणसाची सही तेवढी राहिली होती.

डॉक्टरीणबाईंनी गीताकडे पाहिलं. रेशमी साडी, गजरा, केसांत अडकलेल्या अक्षता. “आप कहाँ थीं अब तक?” त्यांनी विचारलं. रागाने नव्हे, खरोखर न कळून.

गीताने पेन घेतलं. कागदावर ‘गीता’ एवढंच लिहिलं. ता-चा काना खालच्या ओळीत गेला.

ऑपरेशन तीन तास चाललं. बाहेर बाकावर गीता न रडता बसून होती. तिला तो पाऊण तास आठवत होता. फरशी छान आहे, असं ती तोंडभरून म्हणाली होती, आणि तेव्हा हा इथे कापसात गुंडाळलेला पडला होता. मग ती म्हणाली, “उर्वी, त्या शब्दात सुट्टीच होती. मंग हे कावून झालं?”

उर्वीलाही नक्की माहीत नव्हतं. तिने मोबाइलवर शोधलं आणि वाचू लागली.

“काय लिहिलं आहे? साध्या भाषेत सांग.”

“मामी, दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. लॅटिन म्हणून जुनी भाषा आहे, तिच्यात ‘कासुस’ म्हणजे पडणं. आपण म्हणतो ना, अंगावर येऊन पडलं? तसं. न ठरवता जे येऊन पडतं ते कॅज्युअल. अचानक घ्यायची सुट्टी, ती कॅज्युअल लीव्ह. अचानक होणारं नुकसान, ती कॅज्युअल्टी. मग लढाईतल्या मेलेल्या-जखमी माणसांना तेच म्हणायला लागले, अन् दवाखान्यातल्या खोलीलाही तेच नाव पडलं. ॲक्सिडेंटसुद्धा त्याच मुळातून आला.”

ज्या शब्दाने गीताच्या घरात कांदे चिरले, त्याच्या पोटात पहिल्यापासून पडणं बसलं होतं. “म्हंजे मी वीस साल आनंदानं काय बोलून राहिली होती?” एवढंच ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

मोहित वाचला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की एक-दीड तासाच्या उशिराने पायाला काही फरक पडला नाही. गीताला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

आठवड्याने विक्की भेटायला आला. कोपऱ्यात उभा राहिला, बसेना. गीताने चहा दिला आणि विचारलं, “बाबू, तू सीधा कावून नाई सांगितलं?”

पोराची मान खाली गेली. “भाभी, ‘गिर गए’ मुँह से निकल ही नहीं रहा था. अंग्रेज़ी में बोल दिया. लगा, कम लगेगा.”

त्या उत्तराने गीता पुन्हा हादरली. आठवडाभर तिने मनात या पोराला शिव्या घातल्या होत्या. आणि त्याने मात्र तो शब्द तिला मार कमी बसावा म्हणून निवडला होता.

“पिऊन घे, थंडा होऊन राहिला,” ती म्हणाली.

मोहित आता काठी घेऊन चालतो आणि त्याच वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये बसतो. बोरसीची हकिगत गीताने त्याला तीन महिन्यांनी सांगितली. तो पोट धरून हसला. “फरशी खरंच बढिया आहे,” म्हणाला. ती हसली नाही. उठून आत गेली आणि थोड्या वेळाने त्याच्या पायाला लावायचं तेल गरम करून घेऊन आली.